अपघातातील मोटारीची भरपाई : हाही एक हिशेबच



आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, कर, साठवण आणि वाहतूक ह्या विषयांवर दरवर्षी लेख येतात, आणि ते यावेतही. तथापि एक विषय असा आहे की जो आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी केव्हा ना केव्हा येऊन गेला आहे, आणि तरीही त्याविषयी आपण कधी नीट बसून विचार केलेला नाही. तो विषय म्हणजे अपघातात मोडलेल्या वाहनाची भरपाई. मनुष्यहानी झाली तर पोलीस, वकील, न्यायालय सर्वच येतात. केवळ गाडी मोडली तर मात्र 'जीव वाचला ना, मग झाले' असे म्हणून सारे मोकळे होतात. जीव वाचला ही देवाची कृपाच होय. पण मोडलेल्या गाडीचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न त्या कृपेने सुटत नाही.

आपले कामरेज मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसलेले आहे. पूर्वी ज्यास राष्ट्रीय महामार्ग ८ म्हणत, तोच आज ४८ क्रमांकाने ओळखला जातो. मुंबईकडून बडोद्याकडे जाणारी अवजड वाहने, सुरत शहरात शिरणाऱ्या मोटारी, बारडोली-व्यारा-सोनगड-नवापूर मार्गे खानदेशातून येणारे ज्वारी-तुरीचे ट्रक, आणि ह्या सर्वांच्या मधून वाट काढणाऱ्या रिक्षा व दुचाक्या, असा सारा प्रवाह आपल्या चार रस्त्यावर एकत्र येतो. अशा ठिकाणी धक्का लागणे, दिवा फुटणे, दार चेपणे हे नित्याचेच. आज आपल्यापैकी ज्याच्या दारी एकही वाहन नाही असे घर सापडणे कठीण. म्हणून कधी आपली गाडी मार खाते, तर कधी आपल्या गाडीने दुसऱ्यास मार बसतो. ह्या दोन्ही बाजू ध्यानात घेऊनच मी हे लिहीत आहे.

आपण व्यापारी माणसे. गोणीमागे पाव किलो घट आली तर ती कोणाच्या नावे टाकावयाची ह्याचा निर्णय केल्यावाचून आपण रोजमेळ मिटत नाही. काट्यावरचा तोल, बिल्टीवरचा आकडा आणि गोदामातील मोजदाद ह्या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे, हा आपला कुळाचार आहे. परंतु रस्त्यावर दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या की हाच व्यापारी हिशेब विसरतो. तेथे ज्याचा आवाज मोठा, ज्याच्या बाजूने माणसे जास्त, किंवा ज्याची गाडी मोठी, त्याच्या मनासारखी तोड होते. रोख रक्कम एका हातातून दुसऱ्या हातात जाते, पावती नाही, नोंद नाही, आणि दहा मिनिटांत रस्ता मोकळा होतो. ह्याला आपण 'आपसात मिटवले' असे म्हणतो. माझ्या मते ह्यात मिटत काहीच नाही. नुकसान फक्त दुबळ्याच्या अंगावर ढकलले जाते.

काही वर्षांपूर्वी आपल्याच चार रस्त्यावर पाहिलेली एक गोष्ट सांगतो. माल भरलेल्या एका ट्रकाने उभ्या रिक्षेस मागून धक्का दिला. रिक्षेची मागील चौकट वाकली, आस सरकला. जमलेल्या मंडळींनी मध्यस्थी करून रिक्षावाल्यास दोन हजार रुपये देवविले आणि 'माझी काही तक्रार नाही' अशा मजकुराच्या कागदावर त्याची सही घेतली. पुढे समजले की दुरुस्तीस त्याच्या कितीतरी पट खर्च आला आणि रिक्षा तीन आठवडे गॅरेजात पडून राहिली. आपल्या पेढीस तीन आठवडे कुलूप लागले तर काय होईल, ह्याची कल्पना करून पाहावी. त्या माणसाची रिक्षा हीच त्याची पेढी होती. ट्रकाचा विमा होता, कायदाही रिक्षावाल्याच्या बाजूचा होता. नव्हती ती फक्त माहिती, आणि ती सांगणारा माणूस.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. पुढे १९८८ चा कायदा आला व तो १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. त्याच्या १६५ व १६६ ह्या कलमांप्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मृत्यू आणि दुखापत ह्यांप्रमाणेच मालमत्तेच्या नुकसानीसाठीही दाद मागता येते, आणि मालमत्तेच्या मालकास स्वतः अर्ज करता येतो. मोडलेली मोटार, रिक्षा, हातगाडी, दुकानाची पायरी, ही सारी मालमत्ताच होय. दुसऱ्या चालकाचा निष्काळजीपणा मात्र दाखवून द्यावा लागतो. अपघात जेथे घडला तेथील न्यायाधिकरणाकडेच जावे लागते असेही नाही. आपण जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथेही अर्ज चालतो. म्हणजे धुळ्याजवळ आपली गाडी मोडली, तरी कामरेजच्या व्यापाऱ्यास सुरतेत दाद मागता येते.

मुदतीची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मूळ कायद्यातील सहा महिन्यांची मर्यादा १९९४ साली काढून टाकण्यात आली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे हे खरे. पण शहाण्याने त्या भरवशावर बसू नये. हुंडीची तारीख आपण जशी पाळतो, तशी ही तारीख पाळावी.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लेखणी हाती घेतली, तिच्याकडे येतो. प्रत्येक वाहनास तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा आहे. पण त्या विम्यातून तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीपोटी किती रक्कम मिळेल? १९८८ च्या कायद्याने ही सक्तीची मर्यादा अवघी ६,००० रुपये ठेवली होती, आणि ती तीस वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. आजच्या मोटारीचा एक पुढील दिवाही कित्येकदा तेवढ्यात येत नाही. विमा कंपन्यांच्या ठरावीक विमापत्रात मोटारी व मालवाहू गाड्यांसाठी ही मर्यादा साडेसात लाख रुपये आणि दुचाकीसाठी एक लाख रुपये अशी असे. परंतु त्याच दरपत्रकात एक सवलतही होती : मर्यादा ६,००० रुपयांवर आणून घेतल्यास मोटारीच्या वार्षिक हप्त्यात १०० रुपये आणि मालवाहू गाडीच्या हप्त्यात २०० रुपये सूट मिळे. २०० रुपयांच्या लोभाने साडेसात लाखांचे छत्र काढून टाकणे ह्यास व्यापार म्हणावयाचे की काय? आणि त्यात अधिक वाईट असे की, ह्या बचतीची किंमत सर्वप्रथम तो तिऱ्हाईत मोजतो, ज्याने आपले विमापत्र कधी पाहिलेलेही नसते. आपली गाडी त्याच्या रिक्षेवर आदळली तर ६,००० च्या वरची रक्कम विमा कंपनी देत नाही. ती आपणाकडून वसूल करण्यासाठी त्या गरिबाने किती वर्षे खेटे घालावेत? म्हणून प्रत्येक सभासदाने आजच विमापत्र काढून 'तिऱ्हाइताच्या मालमत्तेचे नुकसान' ह्या ओळीपुढील आकडा वाचावा. दलालाने न विचारता तो कमी करून ठेवला असेल, तर पुढील नूतनीकरणापूर्वी दुरुस्त करून घ्यावा.

आपल्या स्वतःच्या वाहनाचे नुकसान हा दुसरा भाग. पूर्ण विमा असेल तर बहुतेक लोक दोष कोणाचाही असो, आपल्याच विमा कंपनीकडे जातात. कंपन्याही आपापसातील समजुतीप्रमाणे आपापल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करून देतात व एकमेकींकडे मागणे करीत नाहीत. हा मार्ग जलद आहे, पण तो पुरा नाही. एक आकडेमोड करून दाखवितो. समजा, साडेतीन वर्षे वापरलेल्या मोटारीच्या दुरुस्तीत लोखंडी भागांचे ४०,००० रुपये, प्लास्टिक भागांचे १२,०००, काचेचे ५,००० आणि मजुरीचे १०,००० असे मिळून ६७,००० रुपये झाले. नेहमीच्या विमापत्राप्रमाणे तीन ते चार वर्षांच्या गाडीस लोखंडी भागांवर २५ टक्के घसारा, म्हणजे १०,००० रुपये. प्लास्टिकवर ५० टक्के, म्हणजे ६,०००. काचेवर काही नाही. आणि लहान मोटारीवर मालकाने सोसावयाची सक्तीची रक्कम १,०००. हाती येतात ५०,००० रुपये. उरलेले १७,००० ज्याचा काडीचा दोष नाही त्याच्या खिशातून जातात. शिवाय दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जी पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाते, तीही गमवावी लागते. गाडी बंद राहिल्याने जो धंदा बुडाला, तो तर ह्या विम्यात बसतच नाही. एकाच नुकसानीची भरपाई दोनदा घेता येत नाही, हे उघडच आहे. परंतु जो भाग भरून आला नाही तो दोषी वाहनाच्या मालकाकडे मागणे हा आपला हक्क आहे, आणि त्यास वहीतील नोंद, गॅरेजचे बिल व पावत्या ह्यांचाच आधार लागतो.

मालवाहू गाड्यांच्या मालकांनी आणखी काही गोष्टी पाहाव्यात. अशा गाड्यांच्या विमापत्रात दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंगकाम ह्यांची भरपाई जादा हप्ता भरून वेगळी घेतल्यावाचून सामान्यतः मिळत नाही. आणि अपघातात सर्वप्रथम मोडते ते नेमके हेच. गाडीत परवान्याहून अधिक भार असेल तर विमा कंपनी मंजूर होण्याजोग्या रकमेचे फार तर ७५ टक्के देण्याची भाषा करते. आपल्या धान्याच्या धंद्यात 'दहा पोती जास्त टाका' हे वाक्य रोज ऐकू येते. त्या दहा पोत्यांचे भाडे वाचते. पण १ सप्टेंबर २०१९ पासून जादा भारास २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनास २,००० रुपये दंड आहे, आणि अपघात झाला तर भरपाईचा चौथा हिस्साही जाऊ शकतो. चालकाच्या परवान्यावरून मात्र पूर्वी जे वाद होत ते आता बरेचसे मिटले आहेत. हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक एकूण ७,५०० किलो वजनापर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. लहान टेम्पो बाळगणाऱ्या सभासदांनी हा निर्णय ध्यानात ठेवावा.

विमा कंपनीने अन्याय्य कपात केली तर गप्प बसण्याचे कारण नाही. सर्वेक्षकाने लिहिलेला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. पुरावा असेल तर तो बाजूस सारता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एका ट्रकमालकाच्या प्रकरणात सांगितले आहे. 'तुम्ही व्यापारी, तुम्हांस ग्राहक आयोग नाही' असेही पुष्कळदा ऐकविले जाते. ह्यावर २००२ च्या दंगलीत नुकसान झालेल्या अहमदाबादच्या हरसोलिया मोटर्स ह्या पेढीच्या प्रकरणात १३ एप्रिल २०२३ रोजी निर्णय झाला. विमा हा नुकसान भरून काढण्यासाठी घेतला जातो, नफ्यासाठी नव्हे. म्हणून व्यापारी पेढीही ग्राहक ठरू शकते, असा त्याचा आशय आहे. ह्याशिवाय विमा लोकपालाचा मार्ग आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवस वाट पाहून मग तेथे जावे; व्यक्तीस आणि एका मालकाच्या पेढीसही ही दाद विनाशुल्क मिळते. गुजरातसाठी हे कार्यालय अहमदाबादेस आहे.

गाडी दुसऱ्याची आणि माल आपला, असाही प्रसंग येतो. तेव्हा २००७ चा रस्ता वाहतुकीचा कायदा पाहावा. माल नोंदविल्यापासून १८० दिवसांत वाहतूकदारास लेखी सूचना दिल्यावाचून दावा चालत नाही. आणि मालाची जोखीम अधिक दराने घेतलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. भाडे १५,००० रुपये असेल तर तुरीच्या सबंध ट्रकावर हक्क दीड लाखाचाच, हे बिल्टी स्वीकारतानाच ओळखले पाहिजे.

अपघाताच्या जागी काय करावे? प्रथम जखमींची व्यवस्था. त्यापुढे सर्व गौण. नंतर गाड्या हलविण्यापूर्वी खुणा व क्रमांक दिसतील अशी छायाचित्रे घ्यावीत. चालकाचे नाव, परवाना आणि विमापत्राचा क्रमांक मागावा. कायद्याने तो द्यावा लागतो. गाडीचा विमा चालू आहे की नाही हे सरकारच्या एम-परिवहन ॲपवर क्रमांक घालून पाहता येते. पोलिसांत नोंद आणि विमा कंपनीस त्याच दिवशी सूचना द्यावी. आपली चूक असली तरी रस्त्यावर रक्कम कबूल करू नये, कारण विमा कंपनीच्या लेखी संमतीवाचून अशी कबुली न देण्याची अट बहुतेक विमापत्रांत असते. ह्याचा अर्थ चूक नाकारावी असा मुळीच नव्हे. 'मी कंपनीस कळवितो, हे माझे विमापत्र, हा माझा पत्ता' असे म्हणणे ही खरी सभ्यता.

कित्येक वडीलधारे म्हणतील, 'आपण क्षमा मागणारी आणि क्षमा करणारी माणसे. गाडीच्या पत्र्यासाठी कोर्टाची पायरी कशाला चढावी?' ह्या भावनेचा मला आदर आहे. पण क्षमा ही मनातील वैरास उद्देशून असते, खात्यातील बाकीस उद्देशून नव्हे. सांवत्सरिक क्षमापनेच्या दुसऱ्या दिवशी आपण उधारीच्या वह्या कोऱ्या करीत नाही, आणि कोणी तशी अपेक्षाही करीत नाही. रागावाचून, अपशब्दावाचून आपले देणे देणे व येणे मागणे, हाच आपल्या व्यवहाराचा धर्म. ज्याच्याजवळ आहे त्याने आपले सोडून द्यावे, हे त्याच्या इच्छेवर. पण गरिबाचे सोडून देण्याचा अधिकार जमलेल्या मंडळींना कोणी दिला?

ह्याच न्यायाने आपल्या चालकाकडे पाहिले पाहिजे. गाडीस धक्का लागला की त्याच्या पगारातून पैसे कापून घेण्याची रीत अनेक पेढ्यांवर आहे. त्याची बाजू ऐकून घेतल्यावाचून अशी कपात कायद्यासही मान्य नाही. पण कायदा बाजूस ठेवला तरी, मध्यरात्री सोनगडहून निघून पहाटेच्या आवकेपूर्वी गोदामाशी पोहोचण्याचा हुकूम आपला. झोप त्याची गेली. मग मोडलेल्या बंपरचा खर्च त्याने एकट्याने का सोसावा? शिवाय पगार कापला जाईल ह्या भीतीनेच चालक रस्त्यावर खोटे बोलतो, पळून जातो, वा दुबळ्यास दमदाटी करून तोड करतो. मालकाने ती भीती काढून घेतली तर चार रस्त्यावरील अर्ध्या भांडणांचे मूळ तुटेल, असा माझा विश्वास आहे.

शेवटी संघापुढे तीन सूचना ठेवितो. एक, अपघाताच्या जागी भरावयाचा एकपानी नमुना गुजराती व मराठी दोन्ही भाषांत छापून प्रत्येक सभासदाच्या गाडीत ठेवावा. दोन, वर्षातून एकदा, नवी वही घालण्याच्या सुमारास, सर्वांनी आपली विमापत्रे संघाच्या कार्यालयात आणावीत आणि जाणकाराने त्यांतील मर्यादा, जोडविमा व मुदत तपासून द्यावी. तीन, सभासदाच्या गाडीने रिक्षावाला, फेरीवाला वा शेतकरी ह्यांच्या वाहनाचे नुकसान झाल्यास विम्याचे कागद वेळेवर आणि पुरे देण्याची जबाबदारी त्या सभासदाची राहील, असा ठराव सर्वसाधारण सभेने करावा. पहिल्या दोन सूचनांनी आपला पैसा वाचेल. तिसरीने कदाचित थोडा जाईल. पण कामरेजच्या व्यापाऱ्याच्या गाडीचा धक्का लागला तर भरपाई बुडत नाही, अशी पत ह्या रस्त्यावर निर्माण झाली, तर ती कोणत्याही हप्त्याने विकत मिळणारी नाही.

— एक घाऊक धान्य व्यापारी, कामरेज